सांगेल तेच लिहायचं

अमरावतीच्या ज्या मुलींच्या शाळेत मी मराठी शिकवते, तिथला समाजसेवा विभाग माझ्याकडे आला तो मी मागितला म्हणून नाही. आधी तो सांभाळणाऱ्या मॅडम निवृत्त झाल्या आणि शाळा उघडतानाच्या सभेत मुख्याध्यापिकांनी कामं वाटताना तो माझ्या वाट्याला टाकला. विभाग म्हणजे जिन्याखालचं एक कपाट. त्यात स्वच्छता फेरीचे पुठ्ठ्याचे फलक, कापडी टोप्या आणि एक सैल झालेली ढोलकी. वर्षातून दोन-तीनदा फेरी निघायची, मुली घोषणा द्यायच्या, चौकात फोटो व्हायचा. मला त्यात वावगं काही वाटत नव्हतं. मुलींना थोडा वेळ वर्गाबाहेर काढता यायचा आणि दुकानदारांची करमणूक व्हायची. सेवा नेमकी कोणाची झाली, हे विचारायची पद्धत नव्हती.

त्याच हिवाळ्यात गावातल्या एका अंध मुलींच्या वसतिगृहाच्या अधीक्षिका शाळेत आल्या. मुख्याध्यापिकांनी त्यांना माझ्याकडे पाठवलं. त्यांच्याकडच्या काही मुली दहावीला बसणार होत्या आणि त्यांना लेखनिक हवे होते. अंध मुलीनं उत्तर सांगायचं आणि शेजारी बसून ते उत्तरपत्रिकेवर उतरवायचं, एवढंच लेखनिकाचं काम. पण लिहिणारी मुलगी परीक्षा देणारीपेक्षा खालच्या वर्गातली हवी, असा नियम. म्हणजे नववीची.

"दरवर्षी ऐन वेळेवर धावपळ होते," अधीक्षिका म्हणाल्या. "कोणी तरी मिळते, नाही असं नाही. पण दोघी पहिल्यांदा भेटतात त्या परीक्षेच्या खोलीतच. एकीला दुसरीचं बोलणं समजेपर्यंत अर्धा पेपर गेलेला असतो. मला आधीपासून सरावाला येतील अशा मुली द्या."

मी नववीच्या वर्गात जाऊन हे सगळं सांगितलं. मग पहिल्या बाकावरच्या एकीनं विचारलं, "मॅडम, पण आमचा अभ्यास बुडणार त्याचं काय?" प्रश्न रास्त होता. दुसरीनं विचारलं, "सर्टिफिकेट भेटन का?" मी हो म्हटलं. तेव्हा काही हात वर झाले. त्यातले निम्मे दुसऱ्या दिवशी घरच्यांना विचारून खाली आले. वर्गात जिचं अक्षर सगळ्यांत सुरेख, तिचे वडील स्वतः येऊन भेटले. अतिशय नम्रपणे म्हणाले, "मॅडम, पुण्याचं काम आहे, मी नाही म्हणत नाही. पण नववी म्हणजे दहावीचा पाया." मी मान डोलावली. त्यांच्या जागी मी असते तर वेगळं काही म्हटलं असतं, असं मला वाटत नाही.

वलगावहून येणारी एक मुलगी वर्गात काहीच बोलली नव्हती. मधल्या सुटीत ती मला व्हरांड्यात गाठून उभी राहिली.

"मॅडम, तिचं नुसतं लिवाच लागते, का तिच्यासंगं बोलता बी येते?"

"पेपर चालू असताना नाही बोलायचं."

"अन् बाकी टायमाले?"

"बाकी वेळेला बोल की. कोण अडवतं?"

"मंग माहं नाव घ्या."

तिच्या घरी फुलांची शेती होती. झेंडू, शेवंती, थोडा निशिगंध. सकाळी आईबरोबर फुलांच्या गाठोड्यांसोबत ऑटोतून ती अमरावतीला यायची, देवळासमोरच्या दुकानावर आईला फुलं लावून द्यायची आणि तिथून चालत शाळेत. तिचं अक्षर बेताचं होतं. निबंधात ती मोजकं लिहायची, आणि वर्गात मात्र शेजारणीशी अखंड बोलायची, म्हणून मी तिला दोनदा जागा बदलायला लावली होती. मी तिचं नाव घेतलं, कारण फार नावं उरली नव्हती.

तिच्या वाट्याला आली ती धामणगाव रेल्वे या गावची मुलगी. वडील तिथल्या बाजारात धान्याचे मापारी. ही जन्मापासून अंध, लहानपणापासून अमरावतीच्या वसतिगृहात. उंच, काटक, आणि बोलायला फटकळ. पहिल्या रविवारी मी आमच्या मुलींना घेऊन वसतिगृहात गेले. ओळखी करून दिल्या, तशी धामणगावची म्हणाली, "तू फास्ट लिवते का व?"

"लिवतो की."

"लिव मंग."

आणि तिनं इतिहासाचं एक उत्तर सुरू केलं ते श्वास न घेता शेवटपर्यंत सांगितलं. मग म्हणाली, "वाच." वलगावचीनं वाचून दाखवलं. मधली दोन-तीन वाक्यं गायब होती.

"हे फास्ट हाये?"

वलगावची माझ्याकडे पाहू लागली. मी दुसऱ्या जोडीकडे वळले. पुढचे दोन महिने त्यांनी एकमेकींबरोबर काढायचे होते, पहिल्याच दिवशी मध्ये पडण्यात अर्थ नव्हता.

सराव रविवारी सकाळी आणि शनिवारी शाळा सुटल्यावर व्हायचा. वसतिगृहाच्या ओसरीवर सतरंज्या टाकून जोड्या बसायच्या. आमच्या मुली धडे वाचून दाखवायच्या, त्यांच्या मुली उत्तरं सांगायच्या, आमच्या लिहायच्या. मी एका खुर्चीवर बसून वह्या तपासायचे. पहिली अडचण भाषेची आली आणि ती थेट माझ्याच विषयाची होती.

धामणगावची उत्तर सांगताना मध्येच वऱ्हाडीत बोलायची. "शिवाजी महाराजांनी आरमार उभारले. थांब व, इचार करू दे. त्यायचा उद्देश असा होता का..." आणि वलगावची हे सगळं उतरवून ठेवायची. "थांब व, इचार करू दे" हेसुद्धा. मी वही वाचली तेव्हा मला हसू आलं, पण परीक्षक हसले नसते. मी धामणगावचीला म्हटलं, "तू सांगशील तेच तिनं लिहायचं असा नियम आहे. ती तुझं सुधारून लिहू शकत नाही. तेव्हा तू पुस्तकी मराठीत सांग."

"मॅडम, मले येते पुस्तकी. पण मधात काही बोला लागलं तर?"

तिचा प्रश्न खरा होता. माणूस विचार करताना बोलतं, अडखळतं, पाणी मागतं. यातलं काय लिहायचं आणि काय नाही, हे लिहिणारीनं कसं ओळखायचं? मी काही तरी सुचवायच्या आधीच वलगावची म्हणाली, "मंग असं कर ना. उत्तर सांगशीन ते पुस्तकीत सांग. माह्यासंगं बोलशीन ते आपल्या भाषेत बोल. पुस्तकी आलं का मी लिवतो. आपली आली का नुसती ऐकतो."

त्या दिवसापासून त्यांचं तसं ठरलं, आणि बाकीच्या जोड्यांनीही ते उचललं. मी इतकी वर्षं वर्गात 'मले' म्हटलं की 'मला' म्हणा, असं सांगत आले होते. त्या ओसरीवर मात्र दोन्ही भाषांना आपापलं काम मिळालं होतं. एका दमात ऐकू यायचं: "पृथ्वीच्या परिवलनामुळे दिवस व रात्र होतात. झालं का लिवून? लय हळू हाये बाप्पा तू. परिभ्रमणामुळे ऋतू होतात." लिहिलेलं तपासलं तर मधलं वाक्य नेमकं गाळलेलं असायचं.

जानेवारी संपता संपता दुसरी अडचण आली, आणि ती मला आधी कळलीसुद्धा नाही.

वलगावची नववीत होती, पण आठवड्यामागून आठवडे दहावीचे धडे मोठ्यानं वाचून तिचे ते पाठ झाले होते. धामणगावची एखादं उत्तर चुकली की हिच्या ते लगेच ध्यानात यायचं. आणि ती हळूच बरोबर उत्तर लिहायची. तिला त्यात गैर काही दिसत नव्हतं. मदत करायला पाठवलंय, तर मदत करायची. एका रविवारी धामणगावचीनं नेहमीप्रमाणे "वाच" म्हटलं. वलगावची वाचत गेली. एका ठिकाणी धामणगावचीनं तिला थांबवलं.

"हे मी नाई सांगतलं."

"सांगतलं की."

"नाई सांगतलं. मी बॉक्साइट म्हटलं होतं. तू मॅंगनीज वाचून राहिली."

"बॉक्साइट चुकीचं हाये ना व. धड्यात मॅंगनीज हाये. बरोबरच तर लिवलं."

"बरोबर असन. पण माहं नाई ना ते."

"तुले मार्क भेटतीन."

"मले भेटतीन का तुले भेटतीन? अजून कोठी कोठी असं केलं तू? सांग. मले काय समजते माह्यं किती येते अन् किती नाई? मी समजून राहिली होती का माहा भूगोल सुधरला!"

वलगावचीनं पेन खाली ठेवला. "मी तुह्या भल्यासाठी केलं," एवढं तिच्या तोंडून निघालं. त्यावर धामणगावची म्हणाली, "माह्यं भलं माह्यं मी पाहीन," आणि भिंतीला हात लावत आत निघून गेली. अधीक्षिकांनी तिला बोलावून आणायचा प्रयत्न केला, ती आली नाही.

पुढच्या शनिवारी वलगावची सरावाला आली नाही, रविवारीही नाही. शाळेत यायची, माझ्या तासाला मान खाली घालून बसायची, आणि बोलत नव्हती, तेव्हा ते भांडण तिला किती लागलंय हे मला कळत होतं. सोमवारी घरी जाताना मी देवळासमोर त्यांच्या दुकानापाशी थांबले. आई हार ओवत बसली होती. मला पाहून ती उठू लागली, मी बसा म्हटलं.

"मॅडम, पोरगी दोन दिवस रडून राहिली," ती म्हणाली. "त्या पोरीनं तिले लय बोललं म्हनते. आमाले काय समजत नाई त्यातलं. पण एखाद्याचं चांगलं कराले जावं अन् त्यानंच बोलावं, असं असते का?"

"ताई, तसंही असतं," मी म्हटलं. "पण तिला नको असेल तर जबरदस्ती नाही. मी दुसरी मुलगी पाहीन. तिला तसं सांगा."

आईनं मागे वळून हाक मारली. मुलगी दुकानाच्या आडोशाला पाटीतल्या पाकळ्या वेचत होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"दुसरी कोण?" तिनं विचारलं.

मी वर्गातल्या एका मुलीचं नाव सांगितलं.

"तिले नाई जमनार."

"का नाही जमणार? अक्षर चांगलं आहे तिचं."

"अक्षराचं नाई मॅडम. ती सांगता सांगता 'अं' म्हणते ना, तवा थांबा लागते. ती मांगचं वाक्य बदलवते तवा. अन् तिनं नाक ओढलं का समजाचं का तिले उत्तर येत नाई. हे त्या पोरीले कोण सांगन?"

"तू सांग तिला."

तिनं पाकळ्या पाटीत टाकल्या. मग म्हणाली, "जाऊ द्या. मीच येतो."

पुढच्या शनिवारी ती आली. मी मुद्दाम ओसरीच्या दुसऱ्या टोकाला बसले होते. त्यांचं काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही. फार झालं नसावं, कारण थोड्याच वेळात नेहमीचं सांगणं आणि लिहिणं सुरू झालं. फक्त त्या दिवसापासून धामणगावची प्रत्येक उत्तरानंतर "वाच" म्हणेनाशी झाली. एका प्रश्नपत्रिकेच्या शेवटी एकदाच म्हणायची. कधी कधी तेही नाही.

परीक्षा मार्चमध्ये लागल्या. आमच्या मुलींची खोली तळमजल्यावर, कोपऱ्यात वेगळी दिली होती. मला दुसऱ्या केंद्रावर पर्यवेक्षणाचं काम असल्यानं मी रोज जाऊ शकत नव्हते. पुढचं जे सांगते ते मला दोघींकडून निरनिराळ्या वेळी कळलं, आणि दोघींचं सांगणं जुळलं.

पहिल्या दिवशी खोलीतल्या पर्यवेक्षक बाईंनी त्यांना हटकलं. मराठीचा पेपर होता. धामणगावची मध्येच "दम धर व, आठवून राहिली मी" असं काही बोलली. बाई उठून आल्या. "गप्पा मारायच्या नाहीत. काय कुजबुज चालली आहे?" वलगावचीनं उभं राहून सांगितलं, "बाई, हे लिवाचं नसते. हे नुसतं ऐकाचं असते." बाईंना काही बोध झाला नसावा. त्या पेपरभर दोघींच्या मागे खुर्ची टाकून बसल्या, आणि दुसऱ्या दिवशीपासून पुन्हा आपल्या टेबलाशी बसू लागल्या.

विज्ञानाच्या पेपरात दृष्टिदोषांवर प्रश्न आला. लांबचं नीट दिसत नाही, त्या दोषाला निकटदृष्टिता म्हणतात, आणि त्याला अंतर्वक्र भिंगाचा चष्मा लागतो. हा धडा वलगावचीनं इतक्यांदा वाचला होता, की तो तिला झोपेतही सांगता आला असता. धामणगावचीनं दोषाचं वर्णन अचूक सांगितलं, कारणं सांगितली, आणि मग शांत, ठाम आवाजात म्हणाली, "हा दोष दूर करण्यासाठी बहिर्वक्र भिंगाचा चष्मा वापरतात."

वलगावचीचा पेन थांबला. धामणगावचीला ते ऐकू आलं. कागदावरून पेन फिरायचा आवाज बंद झाला की तिला कळायचंच.

"काय झालं व?"

"काई नाई."

"लिवलं का?"

"लिवून राहिली."

आणि तिनं बहिर्वक्र लिहिलं. ती मला नंतर म्हणाली, "मॅडम, तो शब्द लिवाले लय टाइम लागला. 'ब' काढला अन् वाटलं, आता बी 'अ' करता येते."

पेपर संपल्यावर वाचून दाखवायची वेळ आली. हेही कठीणच होतं. त्या शब्दाशी जरा आवाज वर-खाली झाला असता तर धामणगावचीनं ओळखलं असतं आणि उत्तर बदललं असतं. वलगावचीनं ते वाक्य बाकीच्या वाक्यांसारखंच वाचलं. बाहेर येऊन मात्र ती नळाशी गेली आणि तोंड धुण्याच्या निमित्तानं रडून घेतलं.

धामणगावची बाहेर पायरीवर वाट पाहत होती. "काहून रडून राहिली?" तिनं विचारलं.

"उन्हानं डोकं दुखून राहिलं."

पुढचे पेपर व्हायचे होते, म्हणून तिनं सांगितलं नाही. शेवटचा भूगोलाचा पेपर झाला त्या दिवशी मी केंद्रावर जाऊ शकले. सगळ्या मुलींना रसवंतीवर नेलं. उसाचा रस पिता पिता वलगावची एकदम म्हणाली, "एक सांगाचं होतं तुले. सायन्सच्या पेपरात तू बहिर्वक्र सांगतलं. ते अंतर्वक्र हाये."

धामणगावचीनं ग्लास तोंडापासून बाजूला केला. मनातल्या मनात धडा आठवत असावी. मग म्हणाली, "हो न व! अंतर्वक्रच. मंग तू काय लिवलं?"

"बहिर्वक्र."

"पक्कं?"

"पक्कं."

"झालं तर मंग," ती म्हणाली आणि उरलेला रस संपवला. थोड्या वेळानं तिला हसू फुटलं. "मले काय मालूम बाप्पा कोणाले कोणता चष्मा लागते!" वलगावची आधी हसली नाही. मग हसली.

निकाल लागला. वसतिगृहाच्या सगळ्या मुली पास झाल्या. धामणगावचीला चांगले गुण मिळाले. विज्ञानात बेताचे, मराठीत सर्वांत जास्त. शाळा उघडल्यावर मुख्याध्यापिकांनी मला बोलावून घेतलं. त्यांना या कामाचं मनापासून कौतुक वाटत होतं. दरवर्षीच्या गुणगौरव समारंभात या मुलींचाही सत्कार करायचा त्यांनी ठरवलं होतं. "बाकीच्या मुलींना उत्तेजन मिळेल," त्या म्हणाल्या. "आपण असं करू. ज्या अंध मुलीला सर्वांत जास्त मार्क मिळाले, तिच्या लेखनिकाला पहिलं बक्षीस देऊ. मग दुसरं, तिसरं."

"मॅडम, तसं केलं तर पुढच्या वर्षी आपल्या मुली त्यांचे पेपर सोडवतील," मी म्हटलं.

"म्हणजे?"

मी त्यांना बॉक्साइट आणि बहिर्वक्र, दोन्ही गोष्टी सांगितल्या. त्या विज्ञान शिकवायच्या, त्यामुळे भिंगापाशी त्यांनी कपाळाला हात लावला. "आणि हिला माहीत होतं?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. मग म्हणाल्या, "नंबर नको. सगळ्यांना सारखंच देऊ. पण हे असं पोरींना कसं सांगायचं, की हिनं चुकीचं उत्तर लिहिलं म्हणून आपण हिचा सत्कार करतोय?"



समारंभाला प्रमुख पाहुणे म्हणून गावातले एक डोळ्यांचे डॉक्टर बोलावले होते. कोणाला तरी ते समर्पक वाटलं असावं. सभागृह भरलं होतं. दहावीच्या गुणवंत मुलींचा सत्कार झाला, मग लेखनिक मुलींना मंचावर बोलावलं. त्यांच्या शेजारी वसतिगृहाच्या मुली उभ्या राहिल्या. हार वलगावचीच्या आईनंच करून दिले होते. हार घालताच वलगावचीनं तो काढून हातावर घेतला, आणि नीट घडी करून धरला. लहानपणापासून हार ओवणाऱ्या घरातली मुलगी ती. गळ्यात राहिला तर शेवंती चुरगळते, हे तिला माहीत होतं. छायाचित्रकार तिला पुन्हा घालायला सांगत होता. तिनं ऐकलं नाही.

डॉक्टरांनी भाषण चांगलं केलं. शेवटी ते म्हणाले, "या मुलींनी आपल्या मैत्रिणींना स्वतःचे डोळे दिले. याहून मोठं दान नाही." टाळ्या झाल्या. टाळ्या थांबायच्या आत धामणगावचीनं शेजारी उभ्या असलेल्या निवेदिकेला काही तरी विचारलं, आणि निवेदिकेनं गोंधळून तिच्या हातात माईक दिला. कार्यक्रमपत्रिकेत हे नव्हतं. मुख्याध्यापिकांनी माझ्याकडे पाहिलं.

"सर, माफ करजा," धामणगावची म्हणाली. "डोये नाई देल्ले हिनं मले. डोये घेऊन मी काय करतो? पेपर तं मलेच सोडवाचा होता. हिनं हात देल्ला. अन् हात देताना आपलं डोस्कं बाजूले ठेवलं. ते लय कठीण असते. मले नसतं जमलं."

तिनं माईक परत दिला. सभागृहाला टाळ्या वाजवायच्या की नाही ते कळेना. सगळ्यांत आधी डॉक्टरांनीच वाजवल्या, आणि चांगल्या मोकळेपणानं. मुख्याध्यापिकांना मुलींना जे सांगायचं होतं, ते बहुधा सांगून झालं होतं. वलगावची मात्र मंचावर लाल झाली होती. खाली उतरताना ती धामणगावचीच्या दंडाला चिमटा काढून म्हणाली, "येवढ्या लोकायसमोर काहून बोलली व तू?"

त्या वर्षी नववीच्या वर्गात मी लेखनिकांसाठी विचारलं तेव्हा बरेच हात वर झाले. कोणी टाळ्यांसाठी, कोणी प्रमाणपत्रासाठी, कोणी मैत्रीण जाते म्हणून. मी कोणालाही कारण विचारलं नाही. कामाला लागल्यावर ज्यांना राहायचं त्या राहतात आणि बाकीच्या आपोआप गळतात, असा माझा अनुभव आहे. एका वडिलांनी तर स्वतः येऊन मुलीचं नाव दिलं, आणि ते सुरेख अक्षराच्या मुलीच्या धाकट्या बहिणीचं होतं.

धामणगावची तोवर अकोल्याला गेली होती. तिथे तिची मावशी राहायची. तिच्याकडे राहून तिनं अकरावीला कला शाखेत प्रवेश घेतला. संक्रांतीच्या सुमारास ती चार दिवस वसतिगृहात आली, तेव्हा अधीक्षिकांनी नव्या लेखनिक मुलींना शिकवायचं काम तिच्यावर सोपवलं. तिनं माझी खुर्ची घेतली. मी सतरंजीवर बसले. ती नव्या मुलींना मुद्दाम चुकीची उत्तरं सांगायची आणि मग लिहिलेलं वाचायला लावायची. जिनं सुधारून लिहिलं, तिला म्हणायची, "तू हुशार हाये. पण हुशारी घरी ठेवून येजो उद्या." एक मुलगी रडली. दुसऱ्या दिवशी ती हुशारी घरी ठेवून आली की नाही माहीत नाही, पण आली.

आणखी एका वर्षानं, बारावीच्या परीक्षेआधी, धामणगावचीचा मला अकोल्याहून फोन आला. वलगावची तेव्हा अकरावीत होती, अमरावतीलाच. म्हणजे अजूनही एक वर्ष मागे, नियमात बसणारी.

"मॅडम, तिले इचारा ना, येते का. कॉलेजवाल्यायनं एक पोरगी देली मले. चांगली हाये. पण ती लय गप हाये. तिच्या मनात काय चालू हाये ते समजतच नाई."

"तू स्वतः का नाही विचारत तिला?"

"मी इचारलं तं ती हो म्हणन. तुमी इचारलं तं खरं सांगन."

मी विचारलं. वलगावचीनं लगेच हो म्हटलं. अडचण आईची होती. परक्या गावी मुलगी कशी पाठवायची? अकोला माझं माहेर, तिथे माझा भाऊ राहतो, त्याच्याकडे उतरेल, असं मी सांगितलं. आईनं सुईत दोरा ओवता ओवता विचारलं, "तुमचे सख्खे भाऊ ना?"

"सख्खे."

"मंग जाऊ द्या. पण लग्नसराईच्या आंधी वापस येजो म्हना."

पेपरांच्या मध्ये सुट्या असायच्या. वलगावची कधी अकोल्याला राहायची, कधी एका दिवसासाठी घरी येऊन पुन्हा जायची. माझी वहिनी फोनवर सांगायची की दोघी अभ्यासापेक्षा भांडतातच जास्त, आणि भांडण कशावरून आहे ते विचारलं तर दोघी एकदम "काई नाई" म्हणतात.

शेवटचा पेपर झाला त्या दिवशी धामणगावचीही भावाकडे मुक्कामाला आली. वहिनीनं गोळाभात केला होता. जेवणं लवकर आटोपून दोघी गॅलरीत बसल्या. वलगावची रस्त्यावरचं काय काय दिसतं ते सांगत होती: टरबुजांचा हातठेला, लाल साडीतली बाई स्कूटरवर उलटी बसली आहे, समोरच्या मैदानात बँडवाले वाजवून पाहत आहेत, त्यातल्या एकाची टोपी मोठी झाली आहे. सांगतच होती. वहिनी आत भांडी आवरत ऐकत होती.

"पुरे झालं व आता," धामणगावची म्हणाली. "बँड मले बी ऐकू येऊन राहिला."

"टोपी नाई ना येत ऐकू."

"कायची टोपी?"

मग वलगावचीनं ती टोपी पहिल्यापासून सांगितली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भावानं एकीला मावशीकडे सोडलं आणि दुसरीला गाडीत बसवून दिलं. बडनेऱ्याला उतरून ती तशीच देवळासमोरच्या दुकानावर गेली. त्या दिवशी एका लग्नाच्या हारांची मागणी होती, आणि आई तिची वाटच पाहत होती.